धनुष्यावरची वाफ

१

त्या दिवशी वारा पडलेला होता. भादवा सरत आला होता, पण आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखं ते फिकट दिसत होतं. अंगाला घाम यायचा आणि चिकटायच्या आधीच वाळायचा, कातडीवर नुसतं मीठ राहायचं. पाझर तलावाच्या भेगांत उतरून शेरडं काय हुंगत होती ते त्यांनाच ठाऊक. शेताला असा दिवस वाईट. पण लाकडावर क्लिअर मारायला याहून चांगला दिवस मिळत नाही.

क्लिअर म्हणजे टेम्पोच्या रंगावर मारतात तो बिनरंगी लेप. त्यात हार्डनर घालायचं, थोडं थिनर, आणि कॉम्प्रेसरच्या गननं बारीक फवारा मारायचा. एकदा बसला की लाकडाला ना पाणी लागतं ना ऊन. हे मला पाटोद्याच्या नबीनं शिकवलं. तो टेम्पो रंगवतो. मी जन्मभर तिफणी केल्या, दारं-चौकटी केल्या. तिफणीला कोण लेप मारतो? पण ट्रॅक्टर आले आणि तिफणी गेल्या. मग आमच्या सुतारांच्या सोसायटीला मोहनराव सचिवांनी शाळांच्या धनुष्यांचं काम आणलं. लाकूड धामणीचं. ते वाकतं, पण मोडत नाही. धनुष्य तासायला मला कुणाला विचारावं लागलं नाही. लेपाचं मात्र सगळंच नवीन होतं.

नबी म्हणाला होता, "सटवाबा, हवेत धूळ नको अन् पाणी नको. पाणी असलं का क्लिअर दुधाळतो बघा. पावसाळ्यात आमची लई फजिती व्हती."

मी म्हणालो, "पाण्याचं भेव कुणाला दाखवतो बे? बघायला तरी मिळू दे."

तो पोट धरून हसला.

धूळ नसलेली खोली गावात एकच होती, दूध सोसायटीची. गुरं बाजारात गेली, दूध बंद पडलं, खोलीला कुलूप लागलं. मोहनरावांनी चावी मिळवली. आत निम्म्या भिंतीपर्यंत पांढऱ्या फरशा, वर घाण हवा ओढणारा पंखा, एक जड लोखंडी दार आणि त्याला छातीच्या उंचीवर तोंडाएवढी काच. आत गेलं की बाहेरचं ऊन एकदम तुटायचं. दूध जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी फरशीला हात लावला की गार लागायची.

२

माझा सुग्रीव दरसाल दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला मुकादम उभं करत नाही. मागच्या साली सुनेला, कौशल्याला, दिवस गेलते. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिचा पाय सटकला, आणि जे व्हायचं ते फडातच झालं. एक दिवस पाचटाच्या कोपीत पडून राहिली, दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा ऊस धरला. मला हे सुग्रीवनं गावी आल्यावर सांगितलं, बैलाविषयी सांगावं तसं, खाली बघून.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले होते. आणि मोहनराव म्हणाले होते, "सटवाबा, ही धनुष्यं बिनडागाची दसऱ्याच्या आत द्या. पास झाली का वर्षाचं काम आपलं. मग सुग्रीवला तुमच्या हाताखाली घ्या, कशाला जातोय तो फडात?"

मला त्या धनुष्यांतून दुसरं काही नको होतं. कौशल्या यंदा घरी राहायला पाहिजे होती.

पहिला हात मी भल्या सकाळी मारला, वारा उठायच्या आत. कॉम्प्रेसर बाहेर, नळी दाराच्या फटीतून आत. आडव्या गजावर तारेनं धनुष्यं टांगलेली, वरून खाली फवारा, तोंडाला फडकं. झालं तेव्हा ती अशी दिसत होती की लाकडाच्या आतली रेघान् रेघ वर आली होती. पंख्यानं वास ओढून घेतला, मग वीज गेली. मी दार लावून बाहेर चिंचेखाली बसलो.

दुपारी दार उघडलं तर एका धनुष्यावर डाग होता. रुपयाएवढा, गोल, कडेला विरत गेलेला, दुधासारखा पांढरा.

मी आधी कॉम्प्रेसरवर संशय घेतला. टाकीच्या तळाला चावी असते, हवेतलं पाणी तिथं साचतं. ती उघडली. नुसती गरम कोरडी हवा सुस्कारत बाहेर आली. एक थेंब नाही. बोट लावून बघितलं, धूळसुद्धा चिकटली नाही. म्हटलं, म्हातारा झालास सटवा, थिनर कमी-जास्त पडलं असेल. डाग पॉलिश पेपरनं घासून काढला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हात मारला.

दुपारी बघतो तर सगळ्याच धनुष्यांवर डाग.

३

नबीला निरोप धाडला. तो फटफटीवरून आला. शेजारच्या घराच्या ओट्यावर भिवराबाई बसलेली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी गावातलं सगळं हिलाच आधी कळतं. ती ओरडली, "नबी, तुझ्या गाडीनं माझी सगळी कोंबडी भ्याली रं. अंडी तू घालणार का आता?"

"घालतो की आजी. टोपली आणा," नबी म्हणाला.

मग त्यानं डाग बघितले आणि त्याचं हसू गेलं. डबा उघडला, वास घेतला, हार्डनरची तारीख बघितली. धामणीचा एक तुकडा बाहेर चिंचेच्या फांदीला टांगला आणि त्याच गननं, त्याच डब्यातला हात मारला. आम्ही बसून राहिलो. त्यावर धूळ बसली, एक माशी चिकटून मेली, पण खालचा लेप आरशासारखा राहिला.

"माल खरा हाय. गन खरी हाय. तुमचा हात माझ्याहून बरा हाय," तो म्हणाला. "मग ह्ये कावून व्हतंय?"

"खोलीत ओल असंल."

"बाबा, गावाला टँकर येतोय दिवसाआड. ओल कुठनं आली?" असं म्हणून तो फटफटीच्या आरशाजवळ गेला, तोंड उघडून त्यावर हा केलं. काचेवर गोल पांढरा डाग उठला, कडेला विरत गेलेला. तो हळूहळू निघून गेला.

"असंच हाय न्हवं?" नबी म्हणाला. "कुणी तरी जवळ जाऊन बघितल्यावानी."

त्यानं ते गमतीनंच म्हटलं. पण मग मी म्हणालो, चल, आत बसून भाकर खाऊ, गार आहे, तर त्याला एकदम गिऱ्हाईक आठवलं. गाडी चालू करताना त्यानं आरसा बाहीनं पुसला. त्यावर काही राहिलेलं नव्हतं तरी पुसला.

४

मी अडाणी माणूस आहे, पण सुतार आहे. काही वाकडं दिसलं की गुण्या लावून बघायची सवय. धनुष्यं सारखी टांगलेली, म्हणून डाग सारख्या जागी येत असतील, असं वाटलं. म्हणून मी ती मुद्दाम उंच-सखल टांगली. एक पार वर, एक पार खाली, बाकीची मधे कुठं कुठं.

दुपारी बघितलं. उंच टांगलेल्याच्या खालच्या टोकाला डाग होता. खाली टांगलेल्याच्या वरच्या टोकाला. मी दोरी ताणली. सगळे डाग एका ओळीत आले. धनुष्य कुठंही असो, डाग जमिनीपासून एकाच उंचीवर होता. माझ्या मांडीच्या जरा वर.

भिंतीच्या फरशीवर मी खडूनं रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या बोटभर वर आले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी वर.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. फरशी गार आहे, तिच्यावरची हवा गार राहते, ती कुठवर चढते तिथं डाग पडत असेल. विहिरीत नाही का, खाली गार आणि वर गरम. मोहनरावांनासुद्धा हे पटलं असतं. मलाही दिवसभर पटायचं. चिंचेखाली बसून दाराकडे पाठ केली की मात्र पटायचं नाही. वीज गेलेली, पंखा थांबलेला, आणि आतून एक आवाज यायचा. फू. मग थोडं थांबून, फू. तापलेल्या दुधावरची साय बाजूला करताना लेकरू फुंकर घालतं तसा. मी उठून दार उघडलं की थांबायचा. आत धनुष्यं एवढी-तेवढी हलत असायची. हवा आत शिरली की टांगलेलं हलणारच. ती थांबेपर्यंत मी तिथंच उभा राहायचो.

दसरा जवळ येत होता. मुकादमानं सुग्रीवला विचारून झालं होतं, "कोयता धरू ना तुझा?" सुग्रीव माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "थांब जरा." मग पुन्हा सगळे डाग घासायला बसायचो. डब्यातला क्लिअर कमी होत चालला होता.

५

एका दुपारी कौशल्या भाकर घेऊन आली. मी चिंचेखाली आदल्या दिवशीच्या धनुष्यांवरचे डाग घासत होतो. ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मामा, आत बसू का जरा? पाय लई जळतेत."

सकाळचा वास निघून गेला होता. मी म्हणालो, "बस की बाई. टांगलेल्याला धक्का लागू देऊ नको."

ती भिंतीला टेकून फरशीवर बसली, आणि तशीच झोपी गेली. मीही उठवली नाही. घरात तिला कोण झोपू देतं? ऊन उतरल्यावर तिला हाक मारायला आत गेलो आणि सवयीनं धनुष्यांकडे बघितलं.

एकावरही डाग नव्हता. माझं पांढरं मुंडासं प्रत्येकात लांबुळकं होऊन दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सगळी दुधाळली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम निरोप धाडला, भाकर कौशल्याच्या हातीच पाठवा म्हणून. ती आली, बसली, झोपली. सगळी स्वच्छ.

यावर मी विचार केला नाही. करता आला असता. पण जे हवं ते होत असलं की माणूस उगीच खोलात जात नाही. मी म्हटलं, पोटुशी बाई, तिच्या अंगाची ऊब असते, खोलीतला गारवा मोडत असेल. रोज सकाळी मी हात मारायचो, वास गेला की तिला बोलवायचो. तिलाही ते आवडत होतं. तिच्या चेहऱ्यावर जरा टवटवी आल्यासारखी मला वाटत होती, का मी ती बघायला आतुर होतो, कोण जाणे.

एकदा मी विचारलं, "काही त्रास न्हाई ना बाई तिथं?"

"न्हाई वो मामा. उलट बरं वाटतं. पोटावर कुणी ओलं फडकं टाकल्यावानी गार गार व्हतं." मग लाजून हसली. "आतलं बी गप ऱ्हातं तितका येळ. बाहीर आलं का पुन्हा लाथा."

मोहनराव आले, धनुष्यं उन्हात धरून धरून बघितली. नखानं ओरखडून बघितलं. "सटवाबा, ह्याला म्हणतेत काम! आता शेवटची खेप ऱ्हायली. तेवढी अशीच निघू द्या. मी आजच मुकादमाला सांगतो, सुग्रीवचा कोयता न्हाई म्हणून."

त्या दिवशी मला भाकर गोड लागली.

६

शेवटची खेप टांगली त्या दिवशी कडक ऊन होतं. कौशल्या आत झोपलेली. मी बाहेर बसलो होतो, पण जिवाला चैन पडेना. शेवटचंच काम बिघडतं, हा माझा अनुभव. म्हटलं, दार उघडलं तर धूळ जाईल, काचेतून बघू.

बाहेरच्या उजेडानं आधी काही दिसेना. मी वाकून, दोन्ही हातांनी डोळ्यांच्या कडा झाकून काचेला कपाळ टेकवलं. मग फरशा दिसल्या, धनुष्यं दिसली. एकही दुधाळलेलं नव्हतं. मला हायसं वाटलं. मग कौशल्या दिसली. कुशीवर वळलेली, दोन्ही हात पोटावर. मनगटात ऋषिपंचमीला भरलेल्या हिरव्या बांगड्या.

बांगड्या पांढऱ्या पडल्या.

मी डोळे चोळले. बांगड्या पुन्हा हिरव्या. त्यांची काच चमकली. मग पुन्हा, एका बाजूनं धुरकट होत होत सगळ्या पांढऱ्या. आणि पुन्हा हिरव्या.

तिचा श्वास असेल, म्हटलं. पण तिचं तोंड दुसरीकडे वळलेलं होतं. आणि तिची छाती संथ वरखाली होत होती, गाढ झोपलेल्या माणसाची होते तशी. बांगड्यांचं तसं नव्हतं. ते भराभर होत होतं. तिच्या एका श्वासात दोनदा, कधी तीनदा. पळत आलेल्या लहान जिवाला धाप लागते तसं.

पोटावरचं लुगडं एका जागी दबलेलं होतं. फार नाही. मऊ उशीवर कुणी गाल टेकावा तेवढंच.

तेव्हा आवाज करावा, दार वाजवावं, हे मला सुचलंच नाही. माझ्या हातांना फक्त काचेची गरमी कळत होती. मग बांगड्या हिरव्या झाल्या आणि हिरव्याच राहिल्या. मी वाट बघितली. लुगड्यावरचा दाब हळूच उठला. खोलीत काहीच हललं नाही, धनुष्यंसुद्धा नाही.

आणि माझ्या हनुवटीखाली, काचेच्या अगदी खालच्या कडेला, आतल्या बाजूनं, एक लहानसा गोल डाग उठला. टाचा उंचावून कुणी वर बघावं, तितपतच पोचलेला.

दार कसं उघडलं मला आठवत नाही. मी तिला काखेत हात घालून उठवलं. ती झोपेतून म्हणत होती, "मामा, काय झालं? साप हाय का?" तिला दोन्ही हातांनी धरून, जवळजवळ उचलून, बाहेर काढलं आणि थेट घराकडे चालत सुटलो. मागं वळून बघितलं नाही. ऊन इतकं होतं की आमची सावलीसुद्धा पायाखालून बाहेर येत नव्हती.

७

मोहनराव दोन दिवस माझी समजूत घालत होते. "अवो, शेवटची खेप. बाहीर मारा पाहिजे तर." बाहेर मारली. वारा उठला आणि प्रत्येक धनुष्यावर माती बसली, हात फिरवला की खरखर लागायची. माल परत आला. मोहनराव मला टाकून बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "तुमाला झालं काय सटवाबा, काय बघितलं काय तुमी?" मी म्हणालो, "कायबी न्हाई. ऊन लागलं."

सुग्रीवलाही तेच सांगितलं. पण एक गोष्ट मी हट्टानं केली. कौशल्याला गेवराईच्या पलीकडे, गोदागंगेच्या काठी तिच्या माहेरी धाडलं. बाळंतपण होईपर्यंत तिकडेच. तिथं तिची आई आहे, दोन भावजया आहेत. एसटीत बसवताना ती मान खाली घालून म्हणाली, "अन् ह्यांचा कोयता, मामा? जोडीला कोण?"

"मी हाय की," मी म्हणालो.

सुग्रीव हसला. "आबा, तुमी मोळी उचलणार? ह्या वयात?"

"धनुष्य वाकवलंय रं ह्या हातांनी. ऊस काय वाकवायचा?"

मुकादमानं तोंड वाकडं केलं, पण माणसं कमी होती, त्यानं मला धरलं. माझ्या मनाला मोठी शांती वाटत होती. ती फडात नाही, त्या खोलीतही नाही. मला पाहिजे होतं तेवढं झालं होतं, वेगळ्या वाटेनं का होईना.

दसऱ्याच्या नंतर ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पेट्या, चुली, कोंबड्या, सगळ्यांचे संसार चढत होते. मी भिवराबाईचा निरोप घ्यायला तिच्या ओट्याशी गेलो. समोर दूध सोसायटीचं दार बंद होतं, कडी घातलेली. तेव्हापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो. चावी मोहनरावांकडे परत गेली होती. कडी त्यांनीच घातली असणार, असं धरून चाललो होतो.

भिवराबाईनं माझा हात चाचपून धरला. "जपून जावा सटवाबा. उसाचं पातं लई कापतं. सून पोचली का माहेरी?"

"पोचली. आठ दिस झाले. निरोप आलाय, बरी हाय म्हणून. पोटातलं आता गप असतंय, लाथा मारत न्हाई, झोप लागती म्हणाली."

"बरं झालं बाई." ती थोडा वेळ तोंड हलवत राहिली, दात नसलेलं माणूस हलवतं तसं. मग माझा हात थोपटून म्हणाली, "तुमचं काळीज मोठं हाय. त्या दिवशी तुमी सुनेला घिऊन निघालात, मला दिसत न्हाई पण कानाला समदं येतं. तुमी दोघं फुडं गेलात, मग मागं दार लागलं, कडी पडली, अन् ते बारक्या पावलांचं पळत पळत तुमच्या मागं गेलं. मी मनात म्हनलं, लई चांगलं केलं सटवाबानं, त्यालाबी संगं नेलं. येकटं काय करंल ते आत?"